मंदाताईचा डावा डोळा

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा झाला आहे आणि त्यातला बराचसा मी नातवंडांना रंगवून सांगते. पहिल्या दिवाळीला माझ्या चकल्यांचा तेलात चुरा झाला आणि तो चुरा मी ‘आमच्या गिरगावची पद्धत’ म्हणून सगळ्या मजल्याला वाटला, ही गोष्ट तर ती मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. एक मात्र मी सांगत नाही. मी एका बाईला डोळ्यांत घालायला औषध दिलं होतं. तिने मागितलंही नव्हतं. मीच गळ्यात मारलं, आणि त्या औषधापायी तिची नजर गेली.

कोणाला वाटेल, मी नर्सबिर्स असणार. कसली नर्स! लग्नाआधी काही महिने मी गिरगावात एका डॉक्टरांकडे पेशंटना नंबर द्यायला बसायचे. तेही दातांच्या डॉक्टरांकडे. पण लालबागच्या चाळीत सून म्हणून आले तेव्हा तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला अर्धी डॉक्टरीण समजत होते. त्यात मजल्यावरचा पहिला फ्रिज आमच्याकडे आला. त्याच्या दारात अंड्यांसाठी जे खळगे असतात, तिथे अंडी कधी बसलीच नाहीत. तिथे माझा दवाखाना होता. कोणाच्या पोराच्या तापाचं उरलेलं औषध, कोणाचं खरजेचं मलम, कोणाचे कानाचे थेंब. चाळीत लोक विरजण मागून नेतात, पाट मागून नेतात, तसं आमच्याकडून औषध न्यायचे. नेताना डोस मी सांगायचे. आणि काय तो ठामपणा! माहिती जितकी कमी तितका माझा आवाज पक्का असायचा.

डोळ्यांची साथ आली की एकच बाटली पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत फिरायची. तिचं टोक प्रत्येकाच्या पापणीला टेकायचं आणि बाटली संध्याकाळी पुन्हा माझ्या फ्रिजात यायची. एका वर्षी मजल्यावरचं एकही घर सुटलं नाही. सगळ्यांना नवल, शालनवहिनींकडे औषध असताना साथ पसरली कशी? माझी बाटलीच साथ घेऊन घरोघर हिंडत होती, हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. बाकीच्यांचे उपाय तरी काय शहाणपणाचे होते म्हणा. कोणी मध घालायचं, कोणी गुलाबपाणी, कोणी वाटी घेऊन बाळंतिणीकडे दूध मागायला जायचं. रुमालाचा बोळा तोंडाच्या वाफेने गरम करून डोळ्यावर धरायचा, एवढा एकच उपाय त्यातला निरुपद्रवी.

माझ्या या दवाखान्याकडे ढुंकूनही न बघणारं मजल्यावर एकच माणूस होतं. मंदाताई.

मंदाताई आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहायची. उंच, हाडापेराने मोठी, आणि नाक असं की ती बोलायच्या आधी तेच पुढे यायचं. माझगावला गोदीतल्या एका कचेरीत ती क्लार्क होती. ती नोकरी तिला कॅरमवर मिळाली होती. कचेरीच्या टीमला मुलगी हवी होती आणि लालबाग-परळच्या पट्ट्यात तिच्या तोडीची दुसरी मुलगी नव्हती. तिने लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणायची, “नवऱ्याला घेतलं असतं तर बोर्ड कुठे ठेवला असता?”

मी नवी होते तेव्हा तिला ‘अहो मंदाताई’ म्हणाले. तिने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. “अहो म्हणायला मी काय तुझा घोव? अगं म्हण.” त्या दिवसापासून मी तिला अगं म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर थोडी घाबरायलाही लागले.

संध्याकाळी कचेरीतून आली की चहा पिऊन ती गॅलरीच्या टोकाला बोर्ड मांडायची. वर पत्र्याच्या टोपीखाली पिवळा दिवा. चाळीतल्या मुली भोवती जमायच्या. मुलग्यांना यायची बंदी नव्हती, पण त्यांना मागे उभं राहून बघावं लागायचं. “तुमका सगळा जग खेळूक पडला हा,” असं त्यांना मालवणीत सुनावायची. खेळायला बसणाऱ्या मुलीचे हात ती आधी उलटेसुलटे करून बघायची. “हात धू, मग बोल.” मुलगी घाईने मारायला गेली की स्ट्रायकरवर स्वतःचा पंजा ठेवायची. “बोटं काय गो, पोस्टमन आहेत. पत्र डोळे लिहितात. आधी बघ.” आणि सोपी सोंगटी चुकली तर ठरलेली शिवी: “डोळे काय गावाक ठेवन इलंस?”

खेळायच्या आधी ती बोरिक पावडर मलमलच्या फडक्यात बांधून बोर्डावर आपटायची. पांढरा ढग उठायचा. ती फुंकर मारायची आणि तो ढग तिच्याच तोंडावर परत यायचा. हात कोपरापर्यंत पांढरे, पापण्या पांढऱ्या, आणि मधोमध डोळे लालभडक. सतत चुरचुरायचे. ती नळावर जाऊन पाणी मारायची आणि परत बसायची. डॉक्टरकडे जायचं नाव नाही. चष्म्याचं तर नावच काढू नये. “चष्मा लावला की समोरच्याला कळतं, हिचं कुठे दुखतं ते.”

गावाकडे तिच्या आईला शेवटी शेवटी दिसत नव्हतं. मंदाताई ते सहज सांगायची, म्हातारपणी केस पिकतात तसं. डोळ्यांना काय झालं होतं ते कोणी विचारलं नव्हतं, कोणी दाखवलंही नव्हतं. “आये भिंतीला हात लावून चुलीपर्यंत जायची. भाकऱ्या मात्र गोल करायची हां,” एवढंच.

माझा मुलगा कॉलेजात जायला लागला त्या सुमाराला माझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना थेंब दिले होते. पांढरी बाटली, गुलाबी टोपण. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, डोळा बरा झाला की उरलेलं फेकून द्या. मी ते फ्रिजात ठेवलं. औषध फेकायचं म्हणजे शिजलेलं अन्न फेकल्यासारखं वाटायचं मला. आणि दवाखान्यात एका भारी औषधाची भर पडली, हा आनंद वेगळाच.

एका संध्याकाळी मंदाताई पदराने डोळे चोळत बसली होती. समोर मुली खोळंबलेल्या. मी बाटली घेऊन गेले.

“मंदाताई, मान वर कर.”

“कशाला?”

“कर म्हणते ना. थेंब घालते.”

“तू दातांची डॉक्टरीण ना गो? माझे दात बरे आहेत.”

मुली फिदीफिदी हसल्या. मला राग आला, आणि राग आला की माझी डॉक्टरकी अजून चढायची. “सासऱ्यांना ऑपरेशननंतर हेच दिलं होतं,” मी म्हणाले. “ऑपरेशन झालेल्या डोळ्याला जे चालतं ते तुझ्या साध्या डोळ्याला काय करणार आहे?”

हे वाक्य मी बोलले. अगदी असंच. तिने मान वर केली.

दोन दिवसांत डोळे असे निवळले की विचारू नका. लाली गेली, चुरचुर गेली. मंदाताईने आयुष्यात पहिल्यांदा माझी पाठ थोपटली. “शालन, तुझ्या फ्रिजात काहीतरी आहे खरं.” मी फुगून इतकी मोठी झाले की खोलीच्या दारातून आत कशी गेले कोणास ठाऊक. बाटली संपली तेव्हा पुढचा रस्ताही मीच दाखवला. रिकामी बाटली नाक्यावरच्या मेडिकलमध्ये दाखव, देतात. तिने दाखवली. मेडिकलवाल्याने दिली. ती संपली की पुढची. डोळा चुरचुरला की थेंब, खेळायला बसताना थेंब. हळूहळू बोर्डाशेजारी पावडरीचा डबा आणि ती गुलाबी टोपणाची बाटली अशा दोन्ही वस्तू कायमच्या दिसायला लागल्या. कधीतरी माझ्या नजरेस पडायच्या आणि मला बरं वाटायचं. माझं औषध!

अशी काही वर्षं गेली. मंदाताई रिटायर झाली. मंडळाच्या कॅरम स्पर्धेत पंच म्हणून मात्र तीच बसायची.

एका वर्षी मुलींची फायनल होती. तिचीच एक शिष्या खेळत होती, सुजाता. गुणी पोर. मंदाताईने तिला सात-आठ वर्षांची असल्यापासून शिकवलेलं. खेळ रंगात आलेला आणि मंदाताईने एकदम हात आडवा घातला.

“थांब. एक काळी कमी आहे.”

सुजाता गोंधळली. “नाही ताई, आहे ना.”

“मला शिकवतेस? हात दाखव.”

पोरीने हात दाखवले.

“ओढणी झटक.”

सगळं मंडळ बघत होतं. सुजाताने ओढणी झटकली, आणि झटकता झटकता तिला रडू फुटलं. काळी सोंगटी बोर्डावरच होती. मंदाताईच्या उजव्या हाताशी, काठाला चिकटून. आम्हा सगळ्यांना दिसत होती. शेवटी कोणीतरी बोट दाखवलं. मंदाताईने मान वळवली आणि त्या सोंगटीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “उजेड बरोबर नाही इथे.” सुजाताची माफी मागितली नाही. सुजाता परत तिच्याकडे खेळायला आली नाही.

त्यानंतर चाळीत मंदाताईविषयी बोललं जायला लागलं. बाजूने गेलं तरी ओळख देत नाही. गॅलरीत कोणाची बादली पायात आली की शिव्या घालते. कोणी चहाचा कप पुढे केला तर हात भलतीकडे नेते, सांडवते आणि देणाऱ्यालाच बोलते. “एकटी बाई, पेन्शन आली, डोक्यात गेलं,” असं नळावर बायका म्हणायच्या. बायका म्हणजे कोण? त्यात मी होते. सर्वांत जोरात मीच होते. समोरून गेलं की ती हाक मारायची, बाजूने गेलं की मारायची नाही, ही गोष्ट आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात शिरली नाही.

एक दिवस लालबागच्या पुलाखाली रस्ता ओलांडताना उजव्या अंगाने मोटारसायकल आली. मंदाताईने पाऊल मागे घेतलं नाही. आपटली, मनगट मोडलं. चाळीतल्या पोरांनी परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं, मीही गेले. हाताला प्लॅस्टर घालणारा डॉक्टर अगदी तरुण होता. त्याने विचारलं, “गाडी दिसली नाही का तुम्हाला?” ती म्हणाली, “नाही. नव्हतीच ती. एकदम आली.” त्याने पेन हातात धरलं, तिला सरळ समोर बघायला सांगितलं आणि ते पेन तिच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणायला लागला. पेन जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा ती म्हणाली, “हां, आता.” त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, “हात राहू दे बाजूला. आधी यांचे डोळे दाखवा.”

डोळ्यांच्या विभागात एक तपासणी होती. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसायचं, समोर इकडे तिकडे बारीक उजेडाचे ठिपके लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी दाराशी उभी होते. आतून सारखा बटणाचा आवाज येत होता. टकटकटकटक. तपासणाऱ्या मुलीचा आवाज चढला.

“आजी, दिसलं तरच दाबा ना.”

“दिसतंय की.”

“आता तर काही लावलंच नव्हतं मी.”

मंदाताईने बटणावरचं बोट उचललं. मग बारीक आवाजात म्हणाली, “नाही दाबलं तर हरले ना गो.”

मला हसू आलं. देवाशपथ सांगते, तेव्हा मला हसू आलं होतं.

मग मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघींना समोर बसवलं. टेबलावर दोन चित्रं ठेवली, एकेका डोळ्याचं. उजव्या डोळ्याचं जवळजवळ सगळं काळं. डाव्याचं काळं, आणि मध्ये खिडकीएवढा पांढरा तुकडा. काचबिंदू, त्या म्हणाल्या. डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि आतली नस वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने दिसणं जातं आणि माणसाला वाटतं, उजेड कमी आहे.

“ऑपरेशन?” मंदाताईने विचारलं.

“मोतीबिंदू असता तर केलं असतं. यात जे गेलं ते परत येत नाही. उजव्याला आता फार काही उरलेलं नाही. डाव्यात जे आहे ते राखायचं. घरात कोणाला होतं असं?”

“आयेला दिसत नव्हतं शेवटी.”

मी काय केलं सांगू? मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास घेतला. कशातून सुटले तेही मला अजून माहीत नव्हतं. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

“डोळ्यांत काही घालत होता?”

मंदाताईने पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. गुलाबी टोपण.

बाईंनी बाटली उचलली, वाचली आणि एक क्षण डोळे मिटून घेतले. “हे किती दिवस?”

“दिवस कुठले. वर्षं झाली.”

“यात स्टिरॉइड आहे, आजी. आठवड्या-दोन आठवड्यांसाठी, तेही आमच्या देखरेखीखाली द्यायचं औषध आहे हे. लाली लगेच जाते म्हणून लोकांना वाटतं गुण आला. आतून प्रेशर वाढत राहतं. आणि ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांचं तर हमखास. कोणी दिलं तुम्हाला हे?”

मंदाताईने मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं. मी तिच्या शेजारी, उजव्या अंगाला बसले होते; इतकी वळल्याशिवाय मी तिला दिसलेच नसते. मग ती परत समोर वळली.

“मेडिकलवाल्याने,” ती म्हणाली.

मी तोंड उघडलं नाही.

बाईंनी तिला दोन वेगळे थेंब दिले. दोन्ही रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी, आयुष्यभर. पहिला थेंब घातला की पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरा, नाहीतर एक दुसऱ्याला धुऊन काढतो. मंदाताईचा हात प्लॅस्टरमध्ये, आणि प्लॅस्टर निघाल्यावरही थेंब डोळ्याबाहेर गालावर पडायचे. बाईंनी विचारलं, घालणारं कोण आहे? मी म्हणाले, मी घालते. घालायचं कसं ते त्यांनी मला दाखवलं. हात धुवायचे. खालची पापणी ओढून खिशासारखी करायची, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक कुठेही टेकवायचं नाही. डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. मी मान डोलावत होते. इतकी वर्षं सगळ्या मजल्याच्या डोळ्यांत औषध घालणारी मी, त्या दिवशी थेंब घालायला शिकले. घरी येऊन पहिलं काम केलं ते फ्रिजच्या दारातलं सगळं कचऱ्यात टाकलं. सुनेने विचारलं, “आई, काय झालं?” मी म्हणाले, “जुनं झालं होतं.”

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं, सख्ख्या भावंडांचे डोळे तपासून घ्या. कणकवलीजवळ मंदाताईचा धाकटा भाऊ होता. तिने माझ्या फोनवरून त्याला फोन लावला.

“माका सगळा दिसता,” भाऊ पलीकडून ओरडला.

“माका पण दिसत होता,” मंदाताई म्हणाली. “गाडी येऊन आपाटली तेव्हा कळला. उद्या सकाळी दाखव जा. नाय गेलंस तर माझ्या मयताक येव नको.”

तो गेला. त्यालाही निघालं, पण सुरुवातीचं. त्याचे थेंब चालू झाले. आईचं काय होतं ते तेव्हा घरात पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

मी सकाळ-संध्याकाळ शेजारी जायला लागले. पुढच्या काही महिन्यांत उजवा डोळा पार विझला. डावा होता तिथे थांबला. दर तपासणीला बाई चित्र काढायच्या, मागच्या चित्राशेजारी ठेवायच्या, आणि मी श्वास रोखून बसायचे. पांढरा तुकडा तेवढाच असायचा. एका वर्षी मी लग्नाला रत्नागिरीला गेले होते तेव्हा मंदाताईचे थेंब घालायला सुनेला सांगून गेले. परत आले तर कळलं, सून दोनदा विसरली. मंदाताई तिला काही बोलली नाही. मला म्हणाली, “तूच घाल.” त्यानंतर मी कुठल्याही लग्नाला मुक्काम केला नाही.

चाळीत माझं कौतुक व्हायला लागलं. सख्खी बहीण करणार नाही एवढं शालनवहिनी करते. हळदीकुंकवाला एका बाईने माझ्या पायाला हात लावला. मी ‘अगं असू दे’ म्हटलं, पण पाय मागे घेतला नाही. मंदाताईच्या कानावर हे सगळं जात असणार. ती काही बोलायची नाही. मला वाटायला लागलं, पहिली बाटली कोणी दिली ते ती विसरून गेली. एवढ्या बाटल्या मेडिकलमधून आणल्या, त्यात पहिलीचं काय लक्षात राहणार? हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की मला ते पटलं.

तिने शिकवणं बंद केलं. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला. एकदा मीच म्हटलं, मांडूया का? मला खेळता येत नव्हतं, म्हणजे ती सहज जिंकेल असा माझा हिशेब. ती मान इकडून तिकडे फिरवत एकेक सोंगटी शोधायची, सापडली की बोट तिच्यावर ठेवायची, मग मारायची. कडेच्या सोंगट्या तिला सापडेनात. ती पाणी प्यायला वळली तशी मी दोन सोंगट्या हळूच उचलून मध्ये सरकवल्या. ती परत आली, बोर्डावरून मान फिरवली आणि स्ट्रायकर खाली ठेवला.

“कोणी हलवल्या?”

“लागल्या असतील पदराला.”

“शालन, मला हरायला येतं. मुली नाही का हरायच्या?” तिने सोंगट्या गोळा केल्या. मोजताना एक कमी आली. ती कुठे होती ते मला दिसत होतं, पण या वेळी मी हात लावला नाही. तिने ती शोधली. बराच वेळ लागला. मग तो बोर्ड तिने सुजाताच्या घरी पाठवून दिला. सुजाता तेव्हा लग्न होऊन सासरी गेली होती. तिच्या आईने ठेवून घेतला. निरोप काही आला नाही.

नंतर चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. सगळ्यांना खोल्या खाली करायला सांगितलं. मी मुलाबरोबर ठाण्याला निघाले आणि मंदाताईला तिच्या भावाची मुलगी बदलापूरला न्यायला आली. शांत, नीटनेटकी मुलगी. थेंब कसे घालायचे ते मी तिला आठवडाभर शिकवलं. ती एकदाही चुकली नाही. बदलापूरला येईन म्हणून मी मंदाताईला शब्द दिला होता. नातवाची परीक्षा, माझे गुडघे, मुलाची बदली. जाईन जाईन म्हणत मी गेले नाही. गेल्या वर्षी मंदाताई वारली. भाचीने फोनवर सांगितलं, शेवटपर्यंत डाव्या डोळ्याने पेपरातले मथळे वाचायची, मान फिरवत फिरवत, एकेक शब्द.

म्हणजे मी तिला शेवटचं बघितलं ते चाळ सोडली त्या सकाळी. खोली रिकामी झाली होती. भिंतीवर कपाटाच्या मापाचा जुना रंग तेवढा उरलेला. एकाच खुर्चीवर ती बसली होती, सामान बांधलेलं, खाली टेम्पो लागलेला. भाची सामान मोजायला खाली गेली होती. मी म्हटलं, आजचे थेंब मी घालते. हात धुतले, पापणी ओढली, पहिला थेंब घातला. तिने डोळे मिटले आणि मी तिच्या नाकाजवळ बोट दाबून उभी राहिले. पाच मिनिटं थांबायचं होतं. तिचे डोळे मिटलेले होते म्हणून असेल, मला एकदम धीर आला. म्हटलं, “मंदाताई, ती पहिली बाटली माझी होती. माझ्या फ्रिजातली. तू विसरली असशील, पण माझी होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले.” आणि मी रडायला लागले. ती हलली नाही. डोळेही उघडले नाहीत. मी रडून थोडी थांबले तेव्हा ती म्हणाली:

“विसरायला मी काय येडी आहे? त्या दिवशी तुझं नाव घेतलं असतं तर तू तिथेच रडून मोकळी झाली असतीस, आणि दोन महिन्यांत माझ्याकडे यायची बंद झाली असतीस. मला डावा डोळा राखायचा होता गो, तुझं मन नव्हे. पूस तोंड. झाली पाच मिनिटं, दुसरा घाल.”